गाळलेलं पान

“सूनबाई, रात कुठं गेली?”

मामाजींनी असं विचारलं तेव्हा मी पान उलटून बरीच पुढं गेले होते.

“कोणती रात्र, मामाजी?”

“आत्ता तं दिवेलागन झाली होती. थो धरनावरचा साहेब मास्तरनीच्या दारात उभा होता. अन् एकदम कोंबडं आरवलं. मंग मधली रात कुठं गेली?”

मी पदर पुढं ओढला. “लेखकानं लिहिलीच नाही.”

“लेखकानं लिहिली असन. तू नाई वाचली.” ते बाजेवर पडल्या पडल्या हसले. “माहा जनम शिवन्यात गेला, पोरी. टाका सुटला का मले हातालेच समजते.”

 स्वयंपाकघरात दूध उतू जातंय असं सांगून उठले. दूध नव्हतंच चुलीवर. त्यांनाही ते ठाऊक असावं.

लग्न होऊन दर्यापूरला आले तेव्हा मी विशीतली होते. माहेर पैठणकडचं. सासरी घरात आम्ही तिघंच. हे बोअरवेलच्या गाडीवर कामाला होते. गाडी निघाली की आंध्र, कर्नाटक करत महिना महिना घरी यायची नाही. सासूबाई मी येण्याच्या कितीतरी आधी गेलेल्या. उरलो मामाजी आणि मी. मामाजी टेलर होते. बाजारात त्यांचं दुकान होतं, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि सुईत दोरा जाईना, तेव्हा त्यांनी दुकान सोडून दिलं. डॉक्टर म्हणायचे, अजून पिकला नाही, पिकला की काढू. तोवर त्यांनी काय करायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं. ते बाजेवर बसून असायचे. मी दिसायची ती त्यांना हलणारी एक सावली म्हणून. मी आले-गेले ते बांगड्यांवरून ओळखायचे.

मला पुस्तकांचा नाद होता. गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेची लायब्ररी होती. तिथून मी कादंबऱ्या आणायची आणि दुपारी स्वयंपाकघरात बसून पुटपुटत वाचायची. मला मनात वाचायची सवयच नव्हती. एकदा बाहेरच्या खोलीतून मामाजी म्हणाले, “तोंडातल्या तोंडात काय वाचतं वं? आमाले बी आयकू येऊ दे.”

तसं ते सुरू झालं. ते बाहेरच्या खोलीत बाजेवर. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत, चौकटीला पाठ लावून, त्यांच्याकडं तोंड न करता. सासऱ्यासमोर बसायचं नाही, हे मला आईनं बजावून पाठवलं होतं. मी बसत होते ती भिंतीआड, म्हणून मला वाटायचं की ते चालतं.

मामाजी सातवीपर्यंत शिकलेले, मी बारावी. पण कादंबरीतले कितीतरी शब्द दोघांनाही नवे असायचे. घरात शब्दकोश नव्हता. मग आम्ही अंदाज बांधायचो.

एकदा ‘कातरवेळ’ आला. मी म्हणाले, “संध्याकाळ असेल.”

“संध्याकाळ तं हायच. पन कातर काऊन?” ते विचार करत राहिले. मग म्हणाले, “आमची कात्री असते पाय, थसंच. दिवस इकडं अन् रात तिकडं. मधून कातरते थे येळ.”

हा अर्थ बरोबर की चूक, मला माहीत नव्हतं. पण त्या दिवसापासून दिवे लावायच्या वेळेला मला कात्रीचा कर्रकर्र आवाज यायला लागला.

दुसऱ्यांदा ‘अगतिक’ अडला. त्यावर आमचं चांगलं दोन दिवस चाललं. मी म्हणत होते, गरीब. ते म्हणाले, “गरीब नाई. गाडी सुटली, सामान गाडीतच राह्यलं अन् मानूस फलाटावर. थो अगतिक.” मग ‘संकोच’. हा तर सोपा शब्द, मी म्हणाले, लाजणं. ते म्हणाले, “आमच्या धंद्यात त्याले आटनं म्हनतात. कोरं कापड न भिजवता शिवलं तं पहिल्या धुन्यात आटते. मानसाचं बी तसंच असन. ज्याले आधी भिजवलं नाई, थो आटते.”

कादंबरीतल्या माणसांबद्दल ते शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसे बोलायचे. त्या उन्हाळ्यात जी कादंबरी चालली होती तिच्यात नदीकाठच्या एका खेड्यातली सुमती नावाची मास्तरीण होती आणि धरणाच्या कामावर आलेला जयवंत नावाचा इंजिनिअर. तो रोज पांढरेशुभ्र कपडे घालून यायचा. मला तो फार आवडला होता. मामाजी तिसऱ्याच दिवशी म्हणाले, “धरनाच्या मातीत रोज पांढरे कपडे? कोन धुते त्याचे?”

“धोबी असेल.”

“खेड्यात कुठचा धोबी? याची बायको हाय कुठंतरी. शनिवारी जात असन गाठोडं घेऊन.”

मी त्यांच्यावर रागावले. म्हणजे खरोखरच रागावले, वडिलांवर रागवावं तशी. आणि पुढं चार प्रकरणांनी जयवंतची बायको निघाली. मी पुस्तक मिटलं. मामाजी भिंतीपलीकडून म्हणाले, “नोको वाईट वाटून घेऊ. मले बी वाटे का नसावी.”

मला आठवतं, माझ्या आयुष्यात तोवर कोणी मला ‘तुला काय वाटलं’ असं विचारलं नव्हतं. ते रोज विचारायचे. वाचून झालं की थोडं थांबायचे आणि म्हणायचे, “हं, आता तुले काय वाटलं थे सांग.”

रात्र गाळली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उंबऱ्याशी बसले तेव्हा ते उठून बसले होते. डोक्यावर टोपी होती. घरात ते टोपी घालत नसत.

“सूनबाई, एक बोलू? राग मानू नोको.”

“बोला ना.”

“वाचायचं तं पुरं वाच. मी म्हातारा मानूस. तू माह्या पोरीसारखी. थे मास्तरीन बी कोनाची तरी पोरगी हाय. रातभर तिच्यावर काय गुदरलं थेच आपुन आयकलं नाई, तं मंग तिची गोष्ट काय आयकली? अन् मंग उद्या थे रडन, तं आपुन म्हनू, काऊन रडते वं?”

 ते म्हणत होते ते खरं होतं, आणि ते दुसऱ्या कुणी म्हटलं नसतं.

मे महिना होता. वऱ्हाडात त्या दिवसांत दुपारी अकरा वाजले की सगळी दारं-खिडक्या बंद होतात. आमच्या खिडकीला वाळ्याचा पडदा होता, त्याच्यावर मी पाणी मारलं होतं. दाराला आतून कडी घातली नव्हती, नुसतं लोटलेलं होतं, झळ येऊ नये म्हणून. खोलीत अंधार होता. उंबऱ्याशी स्वयंपाकघरातल्या कौलांतून एक कवडसा पडायचा, त्याच्यात मी पुस्तक धरायची.

मी मागचं पान काढलं आणि वाचायला लागले. आधी भरभर. मग माझ्या लक्षात आलं की भरभर वाचणं हे गाळण्यासारखंच आहे. मी सावकाश वाचलं.

“‘आज जाऊ नका,’ सुमती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. तिने आपणहून त्याचा हात आपल्या गळ्याशी नेला. ‘इतकी वर्षं मी नुसती दिवस मोजत होते. कोणी मला माणूस म्हणून पाहिलं नाही. मला जवळ घ्या.’”

 मी पान संपवलं. मामाजी खूप हळू म्हणाले, “बिचारी.” आणि मग, “फसली थे.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढ्यात दार उघडलं आणि इतका उजेड आत आला की मला काही दिसेना.

दारात बेबीबाई होत्या. माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. दोन गल्ल्या पलीकडं दिलेली. त्यांच्या मागं समोरच्या राऊतकाकू. काकूंच्या हातात ताट होतं आणि ताटात कुरडया. पुढं मला समजलं की काकू रोज दुपारी गच्चीवर वाळवणाची राखण करायच्या आणि रोज त्यांना आमच्या बंद दारामागून माझा आवाज यायचा. कुरडया हे निमित्त होतं.

“काय चाललं इथं?” बेबीबाई म्हणाल्या.

“वाचत होतो,” मी म्हणाले. उभी राहिले. उठताना जाणवलं की पदर डोक्यावरून खांद्यावर आलेला आहे. तो कधी आला ते मला माहीत नव्हतं. मी तो सावरला. त्या सावरण्याकडं दोघी पाहत होत्या.

बेबीबाईंनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं. माझं बोट पानात तसंच होतं, म्हणून तेच पान उघडलं. त्या उजेडात गेल्या आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. “‘त्याचा हात... आपल्या गळ्याशी नेला.’ अगं माय! ‘मला जवळ घ्या.’” त्यांनी ते असं वाचलं की राऊतकाकूंनी तोंडाला पदर लावला. तेच शब्द होते. एकही त्यांनी बदलला नव्हता. पण आता ते ऐकवेनात.

“दार लावून माह्या बापापुढं हे वाचून राह्यली तू? नवरा घरी नाई अन्...”

“बेबे,” मामाजी म्हणाले.

ते पुढं काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली. ते बाजेवरून उठायला गेले, टोपी खाली पडली. त्यांना ती दिसेना. ते वाकून हातानं जमीन चाचपत राहिले. टोपी त्यांच्या पायाशीच होती. ती द्यायला मी पुढं झाले, आणि पाऊल तसंच मागं घेतलं. बेबीबाई बघत होत्या. शेवटी त्यांना ती सापडली. डोक्यावर घालून ते भिंतीला धरत धरत बाहेर गेले आणि त्या उन्हात लिंबाखाली जाऊन बसले.

उरलेला दिवस मी बाजेशी उभी राहून बघत होते, की बाजेवरून मी बसायची ती जागा दिसते का. दिसत नव्हती. फक्त माझी पावलं दिसत असतील, बघणाऱ्याला डोळे असते तर. तरी मी बघत राहिले. माझ्या मनात काही नव्हतं, हे मला माहीत होतं. पण रात्रीपर्यंत मला तेही पक्कं सांगता येईना. कुणीतरी आपल्याकडं तसं बघितलं की आपणही स्वतःकडं तसंच बघायला लागतो.

आठवड्याभरात हे आले. बेबीबाईंनी निरोप धाडला होता. संध्याकाळी अंगणात बैठक बसली. मी आत वरणाला फोडणी देत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं.

“बाबा, तुमीच सांगा आता दादाले,” बेबीबाई म्हणाल्या.

मला बरं वाटलं. मी म्हटलं, सांगा मामाजी. कातरवेळ सांगा. त्या साहेबाचे पांढरे कपडे सांगा. एकदा सांगितलं की कोण काय म्हणेल?

मामाजी म्हणाले, “मी कायले सांगू? थे वाचे, अन् माहा डोया लागे. मले त्यातलं एक अक्षर आठवत नाई.”

 मग बेबीबाईच म्हणाल्या, “पाय दादा. बाबा तं झोपत होते. म्हंजे हे एकटीच असलं मोठ्यानं वाचत बसे.”

फोडणीतली मोहरी जळून काळी झाली. मी तशीच बघत राहिले. त्या दुपारी बेबीबाईंनी मला बोल लावले तेव्हाही मला इतकं उघडं वाटलं नव्हतं. त्या घरात एकच माणूस होता ज्याला माहीत होतं की आम्ही काय करत होतो. त्यानंच सांगितलं की काहीच नव्हतं.

जेवायला वाढताना मी ह्यांना विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?”

“मले काय वाटायचं?” हे म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. ताटाकडं बघत म्हणाले, “तुह्या मनात पाप नाई, हे मले माहीत हाय. पन तू आपलं मनात वाचायचं ना. थे पुस्तक देऊन टाक उद्या.”

कादंबरीची शेवटची तीन प्रकरणं राहिली होती. मी पुस्तक परत केलं. लायब्ररीच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “आवडली का?” त्या नेहमी विचारायच्या. मी म्हणाले, “वाचली नाही.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण पुस्तक माझ्याकडं चांगलं महिनाभर होतं.

त्यानंतर मी लायब्ररीत गेले नाही. घरात मी आणि मामाजी जेवण, औषध, पाणी एवढंच बोलायचो. तेही कमीत कमी शब्दांत. माझा पदर आता नाकापर्यंत यायला लागला होता. ते ताट ठेवल्याचा आवाज ऐकून मान वळवायचे आणि मी गेल्यावर जेवायला लागायचे.

दसऱ्यानंतर मोतीबिंदू पिकला. अमरावतीला नेऊन एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. पट्टी काढायच्या दिवशी आम्ही सगळे होतो. डॉक्टर तरुण होते, गमतीदार होते. जाड भिंगाचा चष्मा लावून त्यांनी विचारलं, “काय आजोबा, कोण कोण दिसतंय?”

“हा माहा पोरगा, दिनकर. थे बेबी. लठ्ठ झाली थे.” सगळे हसले. मग त्यांची नजर फिरत फिरत कोपऱ्यात माझ्यावर आली. मी त्यांच्या घरात आले तेव्हाच त्यांची नजर गेलेली होती. त्यांनी मला कधीच पाहिलेलं नव्हतं. क्षणभर ते बघत राहिले, आणि मग त्यांनी मान खाली घातली. त्या दुपारी टोपी शोधताना घातली होती, तशीच.

“ही कोण, आजोबा?” डॉक्टरांनी विचारलं.

“दिसते,” मामाजी म्हणाले. “सगळं दिसते मले.”

हिवाळा गेला. मामाजी चष्मा लावून पेपर वाचायला लागले, संध्याकाळी काठी घेऊन फिरायला जायला लागले. मग पुन्हा मे आला. हे गाडीवर गेले होते. एका दुपारी मी आत ज्वारी निवडत होते. दार लोटून घेतलेलं होतं. बाज करकरली, पावलं वाजली, आणि एकदम सगळं घर उजळलं. मी डोकावून पाहिलं. मामाजींनी दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली होती आणि ती मागं लागू नयेत म्हणून एका कवाडाला वरवंटा लावत होते. गल्लीत एक दार उघडं नव्हतं. आमच्या घरात भट्टीसारखी झळ आली.

“मामाजी, ऊन लागेल.”

“लागू दे.” ते बाजेवर बसले, तोंड रस्त्याकडं करून. मग मोठ्यानं, समोरच्या घरापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, “सूनबाई, मी झोपलो नोतो.”

मी चौकटीला धरून उभी राहिले.

“एक दिवस बी झोपलो नोतो. मले सगळं आठवते. मी दिनकरले बी सांगतलं थे, जायच्या आधी. बेबीले बी सांगतलं. तवा मले लाज वाटली. म्हतलं, म्हातारा झोपत होता म्हनलं का तुले कोनी काई म्हननार नाई. उलटं झालं.” ते थांबले. त्यांना दम लागला होता. “थे पुस्तक आन आता. पुढचं वाचू. दार असंच राहू दे. ज्याले आयकायचं थो आयकन.”

समोरच्या घराची खिडकी जराशी उघडली. राऊतकाकूंचा चेहरा दिसला. त्या आमच्याकडंच बघत होत्या.

त्यांचं सगळं बोलणं मला कळलं होतं. एवढ्या वयात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ते बोलले होते, ते माझ्यासाठी. मला लगेच जायला हवं होतं. चप्पल दारातच होती. पण मला ती खिडकी दिसत होती. हातात पुस्तक घेऊन, त्या गल्लीतून, त्या खिडकीखालून, येणारी मीच मला दिसत होते. 

“मामाजी,” मी म्हणाले, “लायब्ररी बंद पडली.”

ते रस्त्याकडंच बघत होते. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

“कव्हा?”

“पावसाळ्यातच.”

“बरं,” ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “उघडली का सांगजो.”

मी “हो” म्हटलं आणि आत येऊन ज्वारी निवडायला बसले. दार त्यांनी दिवस मावळेपर्यंत उघडंच ठेवलं.

मामाजी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. रोज संध्याकाळी ते काठी घेऊन फिरायला जायचे. आमच्या गल्लीतून बाहेर पडायला रस्ता एकच, लायब्ररीच्या दारावरून जाणारा. त्या वेळेला तिथं आत दिवे लागलेले असायचे, पायरीवर माणसं पेपर घेऊन बसलेली असायची, खिडकीतल्या बाई येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत असायच्या. मामाजी तिथून जायचे आणि तिथूनच परत यायचे. घरी आले की मी पाण्याचा तांब्या पुढं करायची. ते पाणी प्यायचे, काठी भिंतीला लावायचे, कोण भेटलं, कुणाच्या घरी काय झालं ते सांगायचे.

लायब्ररी उघडी आहे, असं ते मला एकदाही म्हणाले नाहीत.